शेक आणि सांधा
चिनी औषधी शेक, आपला वाळूचा शेक व आमवाताचा दाह

प्रास्ताविक

दिल्लीचा जानेवारीतील प्रातःकाळ. दाट धुके पडलेले आहे. घरातील वृद्ध स्त्री उठून चुलीपाशी बसते, परंतु तिला पेला धरता येत नाही. दोन्ही मनगटे व बोटांची मुळे सुजलेली असतात. मूठ वळत नाही. तासाभरानंतर, कोमट पाण्यात हात बुडवून झाल्यावर, बोटे थोडी सैल होतात. सायंकाळी शेजारची कोणी येऊन सांगते, “वाळू तापवून शेक द्या.” दुसरी सांगते, “सांधा आधीच तापलेला आहे, त्याला आणखी शेक कशाला? बर्फ लावा.” तिसऱ्या कोणाला चिनी पद्धतीने औषधी वनस्पती जाळून दिला जाणारा शेक ठाऊक असतो. यांपैकी कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न एका घराचा नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. आनंद मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन प्रौढ स्त्रीपुरुषांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे चाळीस हजार प्रौढांत २९९ जणांस हा रोग आढळला. म्हणजे प्रमाण शेकडा ०.७५ इतके पडले. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून केलेल्या पाहणीत हे प्रमाण शेकडा सुमारे ०.५ आढळले. शेकडा अर्धा हा आकडा लहान वाटतो. परंतु दोन हजार प्रौढ वस्तीच्या गावात तो दहा माणसांचा होतो, आणि त्या दहांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते. अशा माणसांनी शेक घ्यावा की न घ्यावा, आणि घेतल्यास त्यापासून काय अपेक्षावे, याचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे.

दाह म्हणजे काय?

मराठीत ‘दाह’ या शब्दाने जळणे सुचविले जाते. शरीरशास्त्रात मात्र दाह, अथवा शोथ, म्हणजे इजेला किंवा रोगजंतूंना शरीराने दिलेले उत्तर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्यांत पुढे पाचव्या लक्षणाची भर पडली. ते म्हणजे त्या अवयवाचे काम बंद पडणे.

बोटात काटा रुतला असता हीच लक्षणे दिसतात. त्या जागेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली व उष्णता येते. वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, म्हणून सूज येते. पाठोपाठ रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंचा नाश करतात. काम संपले की दाह आपोआप ओसरतो. असा दाह उपकारक होय.

आमवातात दाहाला संपण्याची आज्ञाच मिळत नाही. येथे ‘आमवात’ हा शब्द आम्ही आधुनिक वैद्यकातील ऱ्हुमॅटॉइड संधिवात या अर्थी योजला आहे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा या रोगात आपल्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असते. ते वंगणासारखा द्रव स्रवते. आमवातात हे अस्तर जाड होते, त्यात पांढऱ्या पेशींची दाटी होते, आणि त्या पेशी एकमेकींस चेतविणारी रासायनिक द्रव्ये सोडू लागतात. त्यांपैकी ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ व ‘इंटरल्यूकिन-६’ ही दोन विशेष महत्त्वाची. वाढलेले अस्तर हळूहळू कूर्चेवर पसरते व तिला आणि लगतच्या हाडाला कुरतडू लागते. एकदा झिजलेले हाड व कूर्चा पूर्ववत होत नाहीत. या रोगात काळाला जे मोल आहे ते याच कारणाने. वेदना परतविता येते. झिजलेला सांधा परतविता येत नाही. पुढील सर्व विवेचन वाचताना हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

चिनी औषधी शेक

चिनी वैद्यकातील सुई टोचण्याचा उपचार आपल्याकडे ॲक्युपंक्चर या नावाने परिचित आहे. तथापि चिनी भाषेत त्या शास्त्राचे नाव जोडशब्द आहे: ‘झेन-जिऊ’. झेन म्हणजे सुई. जिऊ म्हणजे अग्नीने दिलेला शेक. जिऊ हे अक्षर लिहिताना वर ‘दीर्घकाळ’ या अर्थाचे चिन्ह व खाली ‘अग्नी’चे चिन्ह काढतात. एका क्षणाचा चटका नव्हे, तर धीराने दिलेली ऊब, असा अर्थ त्या अक्षराच्या रचनेतच वाचता येतो.

या शेकासाठी ‘आय’ नावाच्या वनस्पतीची पाने वापरतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातील आहे. चैत्रात कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावर जो सुगंधी दवणा वाहतात, त्याचीच ही चुलत बहीण म्हणावी. पाने वाळवून, कुटून, चाळली म्हणजे कापसासारखी मऊ लव उरते. जपानीत तिला ‘मोगुसा’ म्हणतात. त्यावरून युरोपीय भाषांत ‘मॉक्सा’ हा शब्द आला. ही लव मंद व एकसारखी जळते, भडकत नाही. उपचाराला ती सोयीची ठरली ती या गुणामुळे.

शेक देण्याच्या मुख्य रीती अशा: (१) लवेचा लहानसा शंकू थेट त्वचेवर ठेवून पेटविणे. ही रीत प्राचीन असून तिने त्वचेवर व्रण राहतो. (२) त्वचा व शंकू यांच्यामध्ये आल्याची चकती, लसणाची चकती किंवा मिठाचा थर ठेवणे. (३) लव कागदात गुंडाळून केलेली कांडी पेटवून ती त्वचेपासून काही अंतरावर धरणे. (४) टोचलेल्या सुईच्या मुठीवर लव जाळणे. आज बहुधा तिसरी रीत वापरतात, कारण तीत भाजण्याचे भय तुलनेने कमी असते.

या उपचाराचे वय मोठे आहे. १९७३ साली चीनमधील मावांगद्वी येथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या एका थडग्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन असून उपचार म्हणून शेक सांगितला आहे. सुईचा उल्लेख तेथे नाही. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात शेकाचा उगम थंड अशा उत्तर प्रदेशात झाला असे म्हटले आहे. सांधेदुखीला त्या परंपरेत ‘बी’ म्हणत. वारा, थंडी व ओल ही तिची कारणे मानीत. थंडीने आलेल्या दुखण्याला ऊब द्यावी, हा त्यामागील तर्क उघड आहे. त्याचबरोबर, शरीरात उष्णता वाढली असता अग्निचिकित्सा अपाय करते, असा इशारा इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या चांग चुंगजिंग या वैद्याने दिलेला आहे. तापलेल्या सांध्याला शेक द्यावा काय, हा आपला प्रश्न म्हणजे अठराशे वर्षांचा जुना प्रश्न आहे.

युरोपात ही विद्या पोहोचली तीही सांधेदुखीच्या निमित्ताने. बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथील हेर्मान बुशॉफ या डच धर्मोपदेशकाच्या पायाची वेदना तेथील एका स्थानिक वैदूबाईने मॉक्साने शमविली. त्यावर त्याने पुस्तक लिहिले. ते १६७५ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. परंतु बुशॉफचा रोग वातरक्त, म्हणजे यूरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होणारी सांधेदुखी होती. ती आमवात नव्हे. वातरक्ताचा झटका काही दिवसांनी बहुधा आपोआपही ओसरतो. ‘सांधेदुखी’ या एकाच नावाखाली अनेक रोग वावरतात. एकास लाभलेला गुण दुसऱ्यास लाभेलच असे नाही.

चीनशी महाराष्ट्राचा वैद्यकीय संबंध म्हटला की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव प्रथम आठवते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांचे पथकातील सहकारी डॉ. विजय बसू यांनी पुढे चीनमध्ये सुई व शेकाची विद्या शिकून १९५९ साली कलकत्त्यात तिचा उपयोग सुरू केला. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा अधिनियम झाला, आणि केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. कायद्याची मान्यता ही उपचार कोणी व कसा करावा यासंबंधी असते. अमुक रोग त्याने बरा होतो, हे मात्र प्रयोगानेच ठरावे लागते.

आपल्याकडील शेक

उष्णतेचा उपचार आपणांस परका नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. त्वचेच्या रोगांत पिंपळी, बकरीची लेंडी, गाईचा दात, बाण व शलाका. मांसाच्या रोगांत तापविलेले धातू. आणि शिरा, स्नायू, सांधे व हाडे यांच्या रोगांत मध, गूळ व स्नेह अशी साधने तेथे सांगितली आहेत. शरद व ग्रीष्म हे ऋतू आणि पित्तप्रकृतीची माणसे वर्ज्य मानली आहेत. म्हणजे उष्णतेला उष्णता जोडू नये, ही सावधगिरी येथेही दिसते.

आमवाताचे वर्णन माधवनिदानात आढळते. चक्रदत्त या अकराव्या शतकातील ग्रंथात त्यासाठी लंघन आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. ग्रंथांतील आमवात व आजचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांत पुष्कळ साम्य असले, तरी दोहोंच्या सीमा तंतोतंत जुळतात असे समजू नये.

मराठी बोलीत शेक, चटका व डाग हे तीन शब्द वेगळे आहेत, आणि तो भेद जपण्याजोगा आहे. शेकाने ऊब मिळते, चटक्याने क्षणिक इजा होते, डागाने कायमचा व्रण राहतो. मेळघाटासारख्या भागात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग दिले जातात, आणि त्यामुळे बालके दगावतातही. अशा डागाला शेकाच्या नावाखाली आश्रय मिळता कामा नये.

उष्णता शरीरात काय करते?

प्रथम पदार्थविज्ञान पाहू. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते; तेवढ्याच वाळूस तिचा सुमारे पाचवा भाग पुरतो. म्हणून सारख्या वजनाची व सारखी तापलेली वाळू पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीच उष्णता देते आणि लवकर निवते. पुरचुंडी वारंवार तव्यावर धरावी लागते ती यामुळेच. रुग्णालयांत हातांसाठी वितळलेल्या मेणाचे स्नान देतात. मेण सुमारे पन्नास अंश तापलेले असूनही हात भाजत नाही, कारण ते उष्णतेचे मंदवाहक आहे आणि त्वचेला लागताच गोठून त्याचा एक संरक्षक थर बनतो. त्याच तापमानाच्या पाण्यात हात ठेववणार नाही.

आता शरीराचा विचार करू. ऊब लागताच त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्त उष्णता वाहून नेते. त्यामुळे वरून दिलेली ऊब खोलवर फारशी पोहोचत नाही. बोटांसारख्या उथळ सांध्यांत ती थोडी जाते, मांडीच्या खुब्यात जवळजवळ नाहीच. मग आराम कशाने पडतो? एक तर आखडलेले स्नायू सैल होतात. दुसरे, त्वचेतील मज्जातंतूंची टोके ऊब मेंदूला कळवितात. १९६५ साली मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी अशी कल्पना मांडली की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार असते, आणि स्पर्शासारख्या इतर संवेदनांनी ते अंशतः लोटले जाते. ती कल्पना तपशिलात बदलली, पण तिचा गाभा टिकून आहे. सुमारे ४३ अंशांपलीकडे मात्र ऊब हीच वेदना बनते. त्या तापमानाला त्वचेतील ज्या प्रथिनाचे द्वार उघडते, तेच मिरचीच्या तिखटानेही उघडते. या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथे एक सोपा प्रयोग करून पाहावा. तीन भांडी घ्यावीत: एकात गार पाणी, दुसऱ्यात सोसवेल असे ऊन पाणी, मधल्यात कोमट पाणी. डावा हात गार व उजवा हात ऊन पाण्यात दोन मिनिटे ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी डाव्या हातास ऊन व उजव्या हातास गार लागेल. दोन्ही संवेदना खऱ्या आहेत, पण दोहोंपैकी एकही तापमापक नव्हे. शेकाने वाटणारा आरामही असाच आहे. आराम खरा असतो. परंतु सांध्यातील दाह ओसरला की नाही, हे त्यावरून मोजता येत नाही. ते मोजण्यास सुजलेल्या सांध्यांची गणना, रक्ताच्या तपासण्या व क्ष-किरणांची चित्रे लागतात.

प्रयोगांचा कौल

तापलेल्या सांध्याला शेक देऊ नये म्हणणाऱ्यांचा आधार कोणता? १९७४ साली हॅरिस व मॅक्रॉस्केरी या संशोधकांनी दाखविले की आमवाती सांध्यातील जो एन्झाइम कूर्चेचे तंतू विरघळवितो, त्याचा वेग ३३ ऐवजी ३६ अंशांस सुमारे चौपट होतो. हा प्रयोग काचपात्रातील होता. शेक घेणाऱ्या माणसाच्या सांध्याची झीज चौपट होते, असा त्याचा अर्थ नाही. तथापि लाल, तप्त व फुगलेल्या सांध्यावर शेक न देण्यास तो पुरेसे कारण आहे. अशा वेळी पुष्कळ रुग्णांना गार पट्टीने बरे वाटते.

उलट बाजूस, शेकाच्या चिनी पुरस्कर्त्यांपाशीही प्रयोग आहेत. पांढऱ्या उंदरांत कृत्रिम रीतीने संधिदाह उत्पन्न करून मॉक्साचा शेक दिला असता दाहकारक द्रव्ये घटल्याचे अनेक प्रयोगशाळांनी नोंदविले आहे. परंतु उंदराचा तो रोग मनुष्याच्या आमवाताची केवळ प्रतिकृती होय.

मनुष्यावरील पुरावा काय सांगतो? २००२ साली एका आंतरराष्ट्रीय समीक्षेत आमवातावरील उष्ण व शीत उपचारांचे सात अभ्यास, एकूण ३२८ रुग्णांचे, एकत्र तपासण्यात आले. उष्ण अथवा बर्फाच्या पिशव्यांनी सूज, वेदना किंवा हालचाल यांच्या मापांत ठळक फरक आढळला नाही. अपायही आढळला नाही. मेणाच्या स्नानाला व्यायामाची जोड दिली असता मात्र चार आठवड्यांनंतर हाताच्या हालचालीत व पकडीत सुधारणा दिसली. खास मॉक्साच्या शेकाविषयी २०११ साली कोरिया व अन्य देशांतील संशोधकांनी संधिरोगांवरील चौदा चाचण्यांची समीक्षा केली. त्या चाचण्यांची रचना इतकी सदोष होती की निर्णायक असे काही सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष झाला.

रचना सदोष का होते, तेही समजून घ्यावे. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला व खोटी कोणाला हे रुग्णापासून लपविता येते. धूर, वास व ऊब कशी लपविणार? आपणांस शेक मिळतो आहे या जाणिवेनेही वेदना घटते. म्हणून वेदनेची घट नोंदविणारी चाचणी एकटी पुरेशी नसते. यावरून शेक निरुपयोगी ठरत नाही. तो दाह थांबवितो हे अद्याप सिद्ध झालेले नाही, एवढेच ठरते.

मुख्य उपचार व शेकाचे स्थान

आमवाताचा मार्ग बदलणारी औषधे आज उपलब्ध आहेत. १९४८ साली कॉर्टिसोनचा पहिला प्रयोग झाला. त्याने सूज झपाट्याने उतरली, पण दीर्घ वापराचे दुष्परिणामही लवकरच कळून आले. १९८० नंतरच्या दशकात मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत देण्याची रीत रूढ झाली व आज तेच मुख्य औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने प्राणावर बेतते. म्हणून वार ठरवून तो घरातील दुसऱ्या कोणासही सांगून ठेवावा. उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाला तर सांधे वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

शेकाचा खरा धोका यात आहे. शेक स्वतः क्वचितच घात करतो; परंतु शेकाने बरे वाटते म्हणून रुग्ण वर्षभर थांबतो, आणि तेवढ्या अवधीत हाड कुरतडले जाते. “नावाशिवायच्या भुकटीने” एका रात्रीत सूज उतरली, तर तीत लपविलेले स्टेरॉइड असण्याचा संभव असतो, तीही फसगतच.

शेक घेणाऱ्यांनी पुढील खबरदारी बाळगावी:

(१) सांधा लाल, तप्त व फुगलेला असता शेक घेऊ नये. सकाळचा ताठरपणा व स्नायूंचा आखडलेपणा यांसाठी सौम्य ऊब दहा ते पंधरा मिनिटे घ्यावी, आणि लगेच बोटांचा हलका व्यायाम करावा.

(२) भाजणे हे तापमान व काळ या दोहोंवर अवलंबून असते. १९४७ साली मॉरिट्झ व हेन्रिकेझ यांनी दाखविले की ४४ अंशांस त्वचा सुमारे सहा तासांत भाजते, तर ६० अंशांस सुमारे पाच सेकंदांत. म्हणून गरम पाण्याची पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये.

(३) मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर शेक देऊ नये. तेथे चटका कळतच नाही. स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचाही लवकर भाजते.

(४) मॉक्साचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नये. दिल्लीच्या हिवाळी हवेत तो दम्याच्या रोग्यास विशेष बाधक होईल. त्वचेवर थेट शंकू जाळण्याची रीत टाळावी.

(५) दोन्ही हातांचे सांधे सुजले असून सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल व असे सहा आठवडे चालले असेल, तर शेकावर न विसंबता संधिरोगतज्ज्ञाकडे जावे.

उपसंहार

प्रारंभीच्या त्या वृद्ध स्त्रीकडे पुन्हा वळू. तीन शेजारणींपैकी कोणीही सर्वस्वी चुकलेली नव्हती. ताठरलेल्या हातास ऊब मानवते. तप्त सांध्यास गारवा मानवतो. चिनी शेकास दीर्घ परंपरा आहे. परंतु तिघींनीही विचारला नाही असा प्रश्न हा, की सांध्याच्या आत काय चालले आहे? शेकाने त्या स्त्रीची सकाळ सुसह्य होते, आणि हे मोल थोडे नव्हे. तिचा हात पुढील दहा वर्षे पेला धरू शकेल की नाही, हे मात्र वेळेवर झालेल्या निदानावर व नियमित औषधावर अवलंबून आहे.

स्वाध्याय

१. दाहाची चार लक्षणे सांगून प्रत्येकाचे कारण लिहा.
२. सारख्या वजनाची वाळू व पाणी ६० अंशांपर्यंत तापविले. कोणाचा शेक अधिक वेळ टिकेल व का?
३. तीन भांड्यांच्या प्रयोगावरून ‘आराम’ व ‘रोगशमन’ यांतील भेद स्पष्ट करा.
४. शेकाच्या चाचणीत रुग्णापासून उपचार लपविणे कठीण का असते? त्यासाठी एखादी युक्ती सुचवा.
५. आपल्या गावात शेकाच्या कोणत्या रीती प्रचलित आहेत, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा आणि त्यांतील कोणती सुरक्षित व कोणती धोक्याची, हे कारणासहित ठरवा.